घरून अनुवाद करताना कामाची बैठक कशी टिकवावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ठाण्यात राहणाऱ्या एका भगिनी नोकरी सोडून गेल्या दीड वर्षापासून घरूनच इंग्रजीतून मराठीत अनुवाद करतात. सकाळी साडेनऊ ते दीड हा वेळ त्यांनी कामासाठी राखून ठेवला आहे. फोन दुसऱ्या खोलीत ठेवून पाहिला, पंचवीस मिनिटांचा गजर लावून पाहिला, तरी दुपारी मोजायला गेले की चार-पाचशे शब्दांपलीकडे मजल गेलेली नसते आणि उरलेले काम रात्री जागून पुरे करावे लागते. घरात सासूबाई आणि आठ वर्षांचा मुलगा आहे. घरी बसून एकाग्रतेने काम करण्याची सवय कशी लावावी, असे त्या विचारतात.

तुम्ही जे वर्णन केले आहे त्यावरून मला अडचण मनाच्या चंचलतेची वाटत नाही, कामाच्या आखणीची वाटते. चार तास राखून ठेवणे ही तयारीची एक बाजू झाली. त्या चार तासांच्या अखेरीस नेमके काय तयार झालेले असेल, हे खुर्चीत बसण्यापूर्वी ठरलेले नसेल, तर तो वेळ हातून निसटणारच. ‘आज अहवालाचे काम करायचे’ एवढ्या ठरावावर बैठक उभी राहत नाही. ‘तिसऱ्या प्रकरणातील एकोणिसाव्या परिच्छेदापासून सव्विसाव्यापर्यंतचा पहिला खर्डा, संज्ञा न शोधता’ असे ठरले असेल, तर कुठून सुरुवात करायची, कुठे थांबायचे आणि काय करायचे नाही, या तिन्ही गोष्टी आधीच निकालात निघालेल्या असतात.

याची खात्री तुम्हाला स्वतःच करून घेता येईल. तीन दिवस टेबलावर एक कोरा कागद ठेवा. जेव्हा जेव्हा तुम्ही जागेवरून उठाल किंवा ब्राउझरची दुसरी खिडकी उघडाल, तेव्हा त्या क्षणी मूळ मजकुरातील कोणत्या वाक्यावर होता, एवढेच त्यावर लिहा. का उठलात ते लिहू नका. घरून काम करणाऱ्या ज्या अनुवादकांबरोबर मी काम केले आहे, त्यांच्या कागदांवर बहुतेक वेळा तीनच जागा पुन्हा पुन्हा सापडतात: चार ओळींचे गुंतागुंतीचे वाक्य, अनोळखी संज्ञा, आणि एखाद्या प्रकरणाचा अगदी आरंभ, जिथे समोर साठ पानांची सगळी फाइल दिसत असते. म्हणजे मन भरकटते ते कामाच्या विशिष्ट जागी भरकटते, आणि त्या जागांवर इलाज करता येतो. फोन दूर ठेवूनही तुमचा आकडा वाढला नाही, याचे कारण मला इथेच दिसते. फोन हे पळून जाण्याचे ठिकाण होते. ते बंद झाल्यावर मन दुसरीकडे, बहुधा शब्दकोशात, पळत असणार.

शब्दकोशाविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण अनुवादकाचा सर्वांत जास्त वेळ इथे जातो आणि तो वाया गेला असे वाटतही नाही. विमा पॉलिसीच्या मजकुरात ‘इंडेम्निटी’ आले की आपण राज्य शासनाच्या भाषा संचालनालयाचा परिभाषा कोश उघडतो, तिथे दोन पर्याय दिसतात, खात्री करण्यासाठी एखाद्या जुन्या शासन निर्णयातला वापर पाहतो, त्यातून दुसरीच संज्ञा डोळ्यात भरते, आणि वीस मिनिटांनी परत येतो तेव्हा अर्धे रचलेले वाक्य मनातून गेलेले असते. ही सगळी मेहनत खरी असते आणि आवश्यकही असते. फक्त ती चुकीच्या वेळी झालेली असते. म्हणून पहिला खर्डा करताना एकच नियम पाळावा: संज्ञा अडली की मूळ शब्द देवनागरीत तसाच ठेवून त्याच्यापुढे दोन प्रश्नचिन्हे टाकावीत आणि पुढे जावे. बैठक संपल्यावर फाइलमध्ये ती प्रश्नचिन्हे शोधून सगळ्या अडलेल्या संज्ञांची यादी करावी आणि त्यांचा निकाल एका वेगळ्या, अर्ध्या तासाच्या बैठकीत लावावा. एकाच दस्तऐवजातील पंधरा संज्ञा एकत्र समोर ठेवल्या की त्यांचे परस्परसंबंध दिसतात, निर्णय सुसंगत होतात आणि ते तसेच तुमच्या संज्ञासूचीत जातात. सुटे शोध घेताना हे घडत नाही.

याच न्यायाने आपल्या कामाचे चार वेगळे प्रकार मानावेत: खर्डा, संज्ञाशोध, तपासणी आणि पत्रव्यवहार. हे प्रकार एकमेकांत मिसळणे महागात पडते. सोफी लेरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दाखवले की एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळल्यावर लक्षाचा काही भाग पहिल्या कामातच अडकून राहतो आणि दुसऱ्या कामाची गुणवत्ता घसरते. काम देणाऱ्या अनुवाद एजन्सीचा ईमेल आला, तुम्ही दोन ओळींत उत्तर दिले आणि परत परिच्छेदावर आलात, तर घड्याळात दोनच मिनिटे गेलेली दिसतात; पण दराविषयी, मुदतीविषयी, पुढच्या फाइलविषयी मनात सुरू झालेले विचार पुढची कितीतरी वाक्ये सोबत राहतात. म्हणून सकाळची सुरुवात ईमेलने करू नका. एजन्सीला एकदाच स्पष्ट कळवा की तुम्ही दुपारी सव्वाच्या सुमारास आणि सायंकाळी पाचला पत्रे पाहता. प्रकल्प सांभाळणाऱ्यांना तत्काळ उत्तरापेक्षा भरवशाची वेळ अधिक उपयोगी पडते, हा माझा अनुभव आहे.

आता गजराविषयी. पंचवीस मिनिटे काम आणि पाच मिनिटे विश्रांती ही पद्धत फ्रान्चेस्को चिरिलो यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस विद्यार्थी असताना स्वतःसाठी बसवली होती. सुरुवात करण्याचा कंटाळा घालवण्यासाठी ती उत्तम आहे, परंतु अनुवादाच्या खर्ड्यासाठी मी ती सुचवत नाही. कायदेशीर किंवा तांत्रिक मजकुरात शिरून लेखकाची वाक्यरचना, त्याचा युक्तिवाद आणि आपण ठरवलेले पर्याय मनात एकत्र बसायलाच दहा-पंधरा मिनिटे लागतात. त्यानंतर लगेच गजर वाजला, तर जमलेली घडी मोडते. खर्ड्यासाठी साठ ते नव्वद मिनिटांची अखंड बैठक घ्यावी. तपासणीचे मात्र उलट आहे. नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, रडारवर लक्ष ठेवणाऱ्यांच्या कामाचा अभ्यास करताना, घड्याळासारख्या यंत्रावरील काट्याची क्वचित होणारी मोठी उडी टिपण्याचे काम लोकांना दिले, तेव्हा पहिल्या अर्ध्या तासातच त्यांच्या नजरेतून उड्या सुटू लागल्या. छपाईतील चुका पाहणे, आकडे आणि तारखा मुळाशी ताडून पाहणे, यंत्राने केलेला अनुवाद दुरुस्त करणे ही त्याच जातीची कामे आहेत: बहुतेक ठिकाणी सारे ठीक असते आणि मधूनच एखादी चूक लपलेली असते. अशा कामाला पंचवीस-तीस मिनिटांपेक्षा जास्त सलग बसू नये. यंत्रानुवादाची दुरुस्ती सोपी समजून दोन-दोन तास सलग केली जाते आणि शेवटच्या पानांवर ‘नाही’चे ‘आहे’ झालेले निसटते, हे मी वारंवार पाहते.

आकड्यांची अपेक्षाही वास्तव हवी. या व्यवसायात पूर्णवेळ काम करणाऱ्याकडून दिवसाला साधारण २,००० ते २,५०० शब्दांची अपेक्षा धरली जाते, आणि त्यात स्वतःची तपासणी गृहीत असते. म्हणजे तासाला तीनशेच्या आसपास. तुमच्या चार तासांतून विश्रांती आणि पत्रव्यवहार वजा केला तर सव्वातीन तास उरतात. त्यांत ९०० ते १,००० शब्द होणे हे चांगले, सन्मानाचे काम आहे. यापेक्षा जास्त काम स्वीकारले असेल तर ते रात्रीवर जाणे अटळ आहे, आणि त्याचा दोष एकाग्रतेला देऊ नये. अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये बर्लिनच्या संगीत अकादमीतील व्हायोलिनवादकांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातही सर्वांत कुशल वादकांचा कसून केलेला एकट्याचा सराव दिवसाला सुमारे चार तासांच्या आसपासच थांबत होता, आणि तो विश्रांती घेत, वेगवेगळ्या बैठकांत होत होता. आठ तास अखंड एकाग्रतेची अपेक्षा कोणीच स्वतःकडून ठेवू नये.

तुमच्या वेळेत मी अशी मांडणी सुचवेन: नऊ चाळीसपासून सव्वा तास खर्डा, मग वीस मिनिटे विश्रांती, सव्वाअकरा ते साडेबारा दुसरा खर्डा, पंधरा मिनिटांनी अर्धा तास संज्ञाशोध, आणि शेवटची पंधरा मिनिटे पत्रे. आदल्या दिवशीच्या खर्ड्याची तपासणी दुपारी चारनंतर, मुलगा गृहपाठाला बसेल तेव्हा, अर्धा तास आणि शक्यतो मोठ्याने वाचून करावी. एक ते तीनच्या दरम्यान येणारी सुस्ती केवळ जेवणामुळे येत नाही, शरीराच्या दैनंदिन लयीतच त्या वेळी उतार असतो. तेव्हा अवघड कलमे त्या वेळेवर टाकू नयेत.

घराचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे, आणि पुस्तकी सल्ल्यांमध्ये तो ‘कुटुंबीयांना सीमा समजावून सांगा’ अशा एका ओळीत उरकला जातो. आपल्याकडे घरात बसलेली सून ही मोकळी आहे असेच धरले जाते. लॅपटॉप उघडा असणे हे काम चालू असल्याचे लक्षण मानले जात नाही. त्यात सासूबाईंचा दुष्टावा नसतो. कामाला सुरुवात आणि शेवट असतो, माणूस कामावर जातो आणि परत येतो, एवढी खूण त्यांच्या पिढीला ओळखीची आहे, आणि घरून काम करताना नेमकी तीच नाहीशी होते. ती खूण परत निर्माण करावी. ‘मला कामात हाक मारू नका’ असे म्हणण्याऐवजी ‘आई, मी आता बसते, बरोबर अकराला बाहेर येते, तेव्हा चहा बरोबर घेऊ आणि काही असेल ते सांगा’ असे रोज म्हणावे, आणि अकराला खरोखर बाहेर यावे. परत येण्याची वेळ ठाऊक असली की माणूस निरोप धरून ठेवू शकतो. ती ठाऊक नसली की प्रत्येक गोष्ट आत्ताच सांगावीशी वाटते. ही वेळ तुम्ही दोन-तीनदा मोडलीत, तर त्याही मोडतील.

अपवादही आधीच ठरवावेत: कोणाची प्रकृती, शाळेचा फोन, आणि आगीपाण्यासारखे काही. बाकी व्यवहारांची तजवीज बैठकीपूर्वी करता येते. सिलिंडर किंवा पार्सल येणार असेल तर त्याचा ओटीपी ज्या फोनवर येतो तो फोन सासूबाईंकडे देऊन ठेवावा आणि पैसे आधीच भरावेत. धुण्याभांड्याच्या मावशी दहाला येत असतील तर त्यांना नऊला किंवा विश्रांतीच्या वेळी यायला जमेल का, हे मोकळेपणाने विचारावे. अनेकदा जमते, कोणी विचारलेले नसते एवढेच. आठ वर्षांच्या मुलाला काट्यांचे घड्याळ वाचता येते. दारावर पुठ्ठ्याचे घड्याळ लावून त्यावर तुमची बाहेर येण्याची वेळ त्यालाच लावू द्यावी. वेळ त्याने स्वतः लावलेली असली की तो ती पाळतो आणि इतरांनाही पाळायला लावतो. मे महिन्याची आणि दिवाळीची सुटी मात्र वेगळी धरावी. त्या काळात हेच वेळापत्रक रेटण्यापेक्षा पहाटे सहा ते आठ एक बैठक घेऊन कामच कमी स्वीकारणे शहाणपणाचे.

आवाजाविषयी एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. पंख्याचा किंवा दूरच्या रहदारीचा एकसुरी आवाज शब्दांच्या कामाला फारसा त्रास देत नाही, बोलणे देते. आणि ज्या भाषेत आपण लिहीत असतो त्याच भाषेतले, अर्थ कळणारे बोलणे वाचन-लेखनात विशेष खुपते. शेजारच्या खोलीत चालू असलेली मराठी मालिका मराठी वाक्य रचणाऱ्याला बाहेरच्या बसच्या घरघरीपेक्षा जास्त छळते, ती यामुळे. सासूबाईंना टीव्हीसाठी चांगला हेडफोन आणून देणे हा उपाय अनेक घरांत गोडीने स्वीकारला गेलेला मी पाहिला आहे. ते शक्य नसेल तर तुमच्या कानात पावसाचा किंवा पंख्याचा सलग आवाज लावावा. शब्द असलेली गाणी नकोत.

व्यत्यय आल्यानंतर काम होतच नाही असे नाही, हेही सांगितले पाहिजे. ग्लोरिया मार्क या संशोधिकेच्या २००८ मधील प्रयोगात व्यत्यय आलेल्या लोकांनी काम उलट लवकर पुरे केले, पण ताण, वैताग आणि घाई यांची किंमत देऊन. तुम्ही रात्री शब्दसंख्या गाठता आणि तरी थकून, चिडून जाता, याचा उलगडा यातून होतो. म्हणून नुसती शब्दसंख्या मोजून बैठक चांगली झाली की नाही हे ठरवू नका. खर्डा दुसऱ्या दिवशी वाचताना किती वाक्ये पुन्हा रचावी लागली, तेही पाहा.

फोन बाहेर ठेवला आहे हे चांगलेच, पण लॅपटॉपवर व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडे असेल तर त्याचा काही उपयोग नाही. लॅपटॉपवर कामासाठी वेगळे यूजर खाते करा. त्यात फक्त अनुवादाचे सॉफ्टवेअर, कोश आणि संज्ञासूची असू द्या, आणि खर्ड्याच्या वेळी वायफाय बंद ठेवता येत असेल तर ठेवा. टेबल पलंगापासून वेगळे असावे, राउटरला छोटा यूपीएस असावा, पाणी जवळ असावे. जागेबद्दल यापेक्षा जास्त काही लागत नाही.

अवघड वाक्यापाशी काय करायचे, हेही आधी ठरवून ठेवावे. अमुक झाले तर मी तमुक करीन, असा नेमका संकल्प नुसत्या चांगल्या हेतूपेक्षा अधिक पाळला जातो, हे पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात अनेक प्रयोगांतून दाखवले आहे. तुमचा संकल्प असा असावा: लांब वाक्य आले आणि हात दुसऱ्या खिडकीकडे गेला, तर मी मूळ वाक्य मोठ्याने वाचीन, त्यातले मुख्य क्रियापद शोधीन, कर्ता कोण ते पाहीन आणि त्या दोघांचे तीन-चार शब्दांचे मराठी वाक्य आधी लिहून काढीन. उपवाक्ये त्यानंतर एकेक जोडता येतात किंवा सुटी करता येतात. अडलेले वाक्य बहुतेक वेळा पहिल्या तीन शब्दांसाठीच अडलेले असते.

विश्रांतीत पडद्यासमोर राहू नका. आणि घरातले काम करायचे तर ते ज्याचा शेवट निश्चित आहे असेच निवडा. कपडे वाळत घालून दहा मिनिटांत परत येता येते, पण ओट्यापाशी गेलेली बाई एकातून दुसऱ्या कामात गुंतत जाते आणि दुसरी बैठक बाराला सुरू होते. स्वयंपाक सकाळी उरकलेला असेल किंवा दीडनंतर होणार असेल, तर मधल्या वेळेत ओट्याकडे फिरकू नये.

प्रत्येक बैठकीची शेवटची पाच मिनिटे लिहिण्यासाठी नसावीत. त्या वेळात पुढचे वाक्य कोणते, त्यासाठी मनात काय योजले आहे, कोणता निर्णय लटकलेला आहे, हे फाइलच्या वर दोन ओळींत नोंदवून ठेवावे. शक्य असेल तर परिच्छेद संपवून न उठता, पुढच्या परिच्छेदाचे पहिले वाक्य लिहून उठावे. अपुरे काम मनात घोळत राहते, आणि ते कधी व कसे पुरे करायचे याची नेमकी योजना केली की ते घोळणे थांबते, असे मॅसिकॅम्पो आणि बाउमाइस्टर या मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये दाखवले. या नोंदीमुळे दुपारी मुलाबरोबर बसताना अहवाल डोक्यातून उतरतो, आणि दुसऱ्या दिवशी साठ पानांच्या फाइलऐवजी एकच वाक्य समोर असते. माझ्या मते या संपूर्ण उत्तरातील सर्वांत उपयोगी सवय हीच आहे, आणि सर्वांत जास्त टाळली जाते तीही हीच.

घरात काही दिवस बैठक जमणारच नाही असे वाटले, तर ठाण्यात १८९३ पासून चालत आलेले मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. तिथे बसण्याच्या सोयीची चौकशी करून संज्ञाशोध किंवा तपासणी घेऊन जावे. इतरांच्या सान्निध्यात सरावाची कामे वेगाने होतात आणि नवी, अवघड कामे रेंगाळतात, असे रॉबर्ट झायोंक या मानसशास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये मांडले होते. म्हणून खर्ड्याचे काम घरीच ठेवावे.

रात्रीचे काम मात्र आता थांबवावे, कारण त्याने दुसऱ्या दिवशीची सकाळची बैठक आधीच खर्ची पडते. त्यासाठी पहिले दोन आठवडे नेहमीच्या दोन-तृतीयांशच काम घ्या. त्यानंतरही मुदत देताना दिवसाला ८०० शब्द धरून द्या, जरी तुमच्याकडून हजार होत असले तरी. मुलाला ताप आला, पाहुणे आले, वीज गेली, तर त्या दोनशे शब्दांच्या फरकात बहुतेक गोष्टी सामावतात. त्यातही न सामावणारा दिवस आलाच, तर मुदतीच्या आदल्या संध्याकाळची वाट न पाहता त्याच दिवशी दुपारच्या आत एजन्सीला कळवा: किती शब्द तयार आहेत, त्यांपैकी किती तपासलेले आहेत, आणि उरलेले कोणत्या दिवशी किती वाजता मिळतील. तयार भाग सोबत जोडून पाठवा, म्हणजे पुढचा तपासनीस खोळंबून राहणार नाही.